मटण-मासे सोडायचे? खायचं काय ते मालवणीत आधीच ठरलंय, कशासाठी ते समजून घ्या

श्रावण लागला की आमच्या मालवणच्या घरात मासे बंद. गोकुळाष्टमीला आंबोळी, शेगलाची म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. एरवी कुळथाची पिठी, उन्हाळ्यात ओल्या काजूगरांची उसळ, वर नारळाच्या रसातली सोलकढी. यात ना मांस, ना दूध. मोबाईलवर ज्याला 'व्हीगन' म्हणतात, ते हेच. त्यामुळे 'सोडलं तर खायचं काय?' हा प्रश्न आपल्याकडे नाहीच. सोडायचं कशासाठी, हा आहे.

पहिलं कारण हवामानाचं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 2013 च्या अहवालानुसार मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे 14.5 टक्के पशुपालनातून येतात. रवंथ करणारी जनावरं मिथेन सोडतात. यात दूधही आलं, हे शाकाहारी मंडळी सोयीने विसरतात. ब्रॉयलर कोंबडी त्या मानाने बरी, तरी तिचं किलोभर वजन वाढवायला दीड-दोन किलो मका-सोयाबीनचं खाद्य लागतं. इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला हा हिशेब खटकतो. मी दोन वर्षांपूर्वी मटण-चिकन सोडलं ते याच कारणाने. कॅन्सरच्या भीतीने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये ठाम इशारा दिला तो सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल. ताज्या मटणाबद्दल 'शक्यता' एवढंच म्हटलं. व्हायरल व्हिडीओ हा फरक गाळतात.

माशांचं गणित वेगळं. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. तरी आपले पारंपरिक मच्छीमार याच प्रश्नावर पुन्हा पुन्हा आंदोलनाला उतरतात. 2023 मध्ये राज्याने 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, कारण त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. आणि आपण बाजारात सुरमईची पिल्लं स्वस्त म्हणून उचलतो!

म्हणून माझ्या मते आधी मटण-चिकन सोडा, मग माशांची पिल्लं. रापणीचा बांगडा सगळ्यात शेवटी. त्यावर मासे विकणाऱ्या काकींचं घर चालतं, आणि समुद्र ओरबाडणारी ती रापण नव्हे.

सगळंच सोडणार असाल, तर बी-12 जीवनसत्त्वाकडे लक्ष द्या. शेगलाची भाजी कितीही खाल्ली तरी ते मिळत नाही. आधी रक्ततपासणी करा, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मगे बांगडोच खा, गोळी कित्याक?"