चालण्याचा पाय आणि धावण्याचा पाय

कृत्रिम पाय लावलेले मूल प्रथमच शाळेत चालत येते, तेव्हा सर्वांना धन्यता वाटते. गुरुजन पाठ थोपटतात, वर्गबंधू भोवती जमतात. पण खेळाच्या तासाला तेच मूल मैदानाच्या कडेला इतरांच्या वहाणा आणि दप्तरे राखीत बसलेले आढळते. या दोन दृश्यांत काही विसंगती आहे असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. पाय मिळाला, चालता आले, पुनर्वसन पुरे झाले; खेळ ही त्यापुढील चैन होय, असा समज सार्वत्रिक आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जयपूर येथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 च्या सुमारास जे पाऊल घडविले, त्याचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. तत्पूर्वी प्रचलित असलेल्या पाश्चात्त्य पावलात लाकडी गाभा, टाचेशी मऊ गादी आणि ताठ घोटा असे. ते बुटात लपविण्यासाठीच केलेले होते. ते लावून उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा भातखाचरात उतरणे कठीण. साहजिकच पुष्कळ खेडूत ते कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत. जयपूरच्या पावलात सच्छिद्र रबर आणि लाकूड यांचे ठोकळे रबराच्या आवरणात घालून साच्यात भाजून एकजीव केले जातात. ते सर्व बाजूंना वाकते, भिजले तरी बिघडत नाही आणि अनवाणी वापरता येते. हा पाय लावणारा मनुष्य दिवसभरात काय काय करणार आहे, हा प्रश्न येथे आधी विचारला गेला. मुलांच्या बाबतीत मात्र तो प्रश्न अर्ध्यावरच सोडला जातो. मूल दिवसभर केवळ चालते काय?

धावणे म्हणजे जलद चालणे नव्हे. चालताना एक पाय सदैव जमिनीवर असतो. धावताना प्रत्येक ढांगेत शरीर क्षणभर अधांतरी असते आणि खाली येताना एका पायावर शरीरभाराच्या दुप्पट-तिपटीने भार पडतो. निसर्गदत्त पायात टाचेमागील जाड स्नायुबंध ताणला जाऊन ती शक्ती साठवितो व पुढल्याच क्षणी परत करतो. 1976 मध्ये अपघातात स्वतःचा पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तंत्रज्ञाने पुढील दशकात कार्बनतंतूंचे जे पाते तयार केले, ते याच तत्त्वावर चालते. दाबले की वाकते, भार सुटताच उसळते. स्वतःची शक्ती त्यास नाही. घेतलेल्यापैकी बरीचशी ते परत देते, इतकेच. शिवाय धावण्याच्या पात्यास टाच नसते, त्यामुळे त्यावर स्वस्थ उभे राहणे अवघड. बाजारात जाण्याचा पाय आणि शर्यतीचा पाय निराळे असावे लागतात ते यामुळे.

तथापि पात्याच्या झळाळीने दिपून जाण्याचे कारण नाही. खरी कसोटी लागते ती सॉकेटची, म्हणजे उरलेला अवयव ज्या पेल्यात बसतो त्याची. तेथील त्वचा भार वाहण्यासाठी निर्माण झालेली नसते. घामाने पेला निसटतो, दिवस चढतो तसा अवयवाचा आकारही थोडा बदलतो. चालताना जो दोष कसाबसा सोसता येतो, तो दहा मिनिटांच्या पळापळीत फोड आणतो. म्हणून क्रीडांगण ही सॉकेटची उत्तम प्रयोगशाळा आहे, आणि कारागिराची कर्मशाळा तिच्यापासून फार दूर असू नये. वाढत्या मुलाचा पेला तर वारंवार बदलावाच लागतो.

भाल्याची फेक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे पटेल. उजव्या हाताने फेकणारा धावत येतो आणि अखेरीस डावा पाय जमिनीत रोवून साऱ्या देहाचा वेग त्या पायावर अडवितो. हरियाणाचा सुमित अंतिल याचा डावा पायच 2015 च्या अपघातात गुडघ्याखाली गेला. 2021 मध्ये टोकियो येथे त्याने 68.55 मीटर, तर 2024 मध्ये पॅरिस येथे 70.59 मीटर भाला फेकून सुवर्णपदके मिळविली. तो प्रचंड आघात कृत्रिम पायाने सोसला.

जेथे अनेकांना साधा पायही वेळेवर लाभत नाही, तेथे खेळाचे कौतुक कशास, असा आक्षेप येईल. आक्षेप प्रामाणिक आहे. पण त्यात खेळ म्हणजे महाग पाते असे गृहीत धरलेले आहे. जम्मू-काश्मीरची शीतल देवी जन्मतः दोन्ही बाहूंवाचून आहे. ती पायाने धनुष्य धरते, खांदा व जबडा यांच्या साह्याने बाण सोडते. कृत्रिम हात तिने लावलेला नाही. राजस्थानच्या देवेंद्र झाझरियाने एका हातानिशी 2004 मध्ये अथेन्स येथे भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले, आणि दुसरे 2016 मध्ये रिओ येथे. मधल्या दोन स्पर्धांत त्याच्या गटाची भालाफेकच ठेवलेली नव्हती. बारा वर्षे त्याला अडविले ते कार्यक्रमपत्रिकेने, हाताने नव्हे.

शाळांच्या कार्यक्रमपत्रिकाही अशाच असतात. मुंबईत वाढलेल्या मानसी जोशी हिने 2011 मध्ये रस्त्यावरील अपघातात डावा पाय गमावला आणि 2019 मध्ये बासेल येथे बॅडमिंटनचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. तिच्या गटातील एकेरीचा सामना अर्ध्या रुंदीच्या अंगणात होतो. एवढा बदल कोणत्याही शाळेस आजच करता येईल. त्यास लागते ती अंगणाच्या मधोमध उभी ओढलेली फक्कीची एक रेघ, आणि कडेला बसलेल्या मुलाच्या हाती दिलेली रॅकेट.