आवाजाची मालकी कोणाची?

कारखान्यात कामगाराच्या श्रमातून निर्माण होणारे मूल्य मालकाच्या तिजोरीत कसे जाते, हे आपल्या कार्यकर्त्यांना नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु सुटीच्या दिवशी, करमणुकीच्या ठिकाणी, पदरमोड करून आणि स्वखुशीने माणसे जे निर्माण करतात, त्यावरही कोणी मालकी सांगू लागला तर त्यास काय म्हणावे? इंग्लंडमधील फुटबॉलच्या मैदानांवर गेल्या तीन दशकांत नेमके हेच घडले आहे. तेथे हजारो सामान्य माणसांनी एकत्र येऊन गायिलेले गाणे आज विक्रीची वस्तू झाले आहे, आणि ज्यांनी ते गाणे घडविले त्यांनाच मैदानाचे दार परवडेनासे झाले आहे. हा विषय क्रीडारसिकांपुरता आहे असे समजून समाजवाद्यांनी त्याकडे पाठ फिरवू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उदाहरण लिव्हरपूलचे घेऊ. हे बंदराचे शहर. गोदी कामगार, खलाशी आणि आयर्लंडमधून पोटासाठी आलेली कुटुंबे यांनी ते घडविले. येथील अ‍ॅनफिल्ड मैदानाच्या एका टोकाला १९०६ साली उभ्याने सामना पाहण्यासाठी पायऱ्यांचा एक प्रचंड उतार बांधण्यात आला. त्यास 'स्पायन कॉप' असे नाव पडले. पुढे नुसते 'कॉप' राहिले. स्पायन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातील टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तेथे लँकेशायरकडचे शेकडो सैनिक कामी आले. त्याच लढाईतील जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते, आणि त्यांच्या अकराशे सहकाऱ्यांपैकी बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते. साम्राज्याच्या युद्धात इंग्लंडचा गरीब मेला आणि त्याला खांद्यावर घेऊन हिंदुस्थानचा गरीब चालला. त्या टेकडीचे नाव फुटबॉलच्या मैदानावर आजही टिकून आहे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या कॉपवर एके काळी पंचवीस हजारांहून अधिक माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहत. १९६० नंतरच्या दशकात तेथे सामुदायिक गायनाची प्रथा रुजली. सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून त्या त्या वेळची लोकप्रिय गाणी वाजविली जात आणि जमाव ती उचलून धरी. १९६३ साली लिव्हरपूलच्याच 'गेरी अँड द पेसमेकर्स' या वाद्यवृंदाने 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हे १९४५ सालच्या एका अमेरिकन संगीतिकेतील गीत नव्याने गायिले. कॉपने ते आपलेसे केले. रंगभूमीवरील एका गीताचे गोदी कामगारांच्या शहराचे सामुदायिक गीत झाले. हे कोणाच्या हुकमाने झाले नाही. क्लबच्या संचालकांनी ठराव केला नाही, कोणी तालीम घेतली नाही. अशा जमावात कोणीतरी एक ओळ सुरू करतो. ती पटली तर शेजारचे दहा, मग शंभर, मग हजारो ती उचलतात. न पटल्यास ती तेथेच विरून जाते. आपल्या दिंडीत निदान वीणेकरी असतो. कॉपवर तोही नसे. गाणे निवडण्याचा अधिकार सर्वांचा, आणि नाकारण्याचाही सर्वांचा.

या आवाजाला काही प्रत्यक्ष मोल आहे काय, की तो नुसता उत्साह? याची परीक्षा झालेली आहे. इंग्लंडमधील काही संशोधकांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अ‍ॅनफिल्डवरील एका सामन्यातील ४७ प्रसंग ४० पंचांना चित्रफितीवर दाखविण्यात आले. काहींना जमावाच्या आवाजासह, काहींना संपूर्ण शांततेत. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी नियमभंग दिले. अनुभवी पंचाचा निर्णयही सभोवतालच्या गर्जनेने कलतो, असा याचा अर्थ.

दुसरी परीक्षा महामारीने घेतली. २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ संपूर्णपणे रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. प्रीमियर लीगमधील ३८० सामन्यांत घरच्या संघांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्या संघांनी १५३. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात पाहुण्यांचे विजय घरच्यांपेक्षा अधिक होण्याची ही पहिलीच वेळ. अ‍ॅनफिल्डवर लीगमध्ये सलग ६८ सामने अपराजित राहिलेला लिव्हरपूल संघ त्या हंगामात तेथेच लागोपाठ सहा सामने हरला. त्या संघाचे प्रमुख खेळाडू जायबंदी होते हेही खरे. एका संघावरून सिद्धांत मांडू नये. परंतु संपूर्ण लीगचा हिशेब पुरेसा बोलका आहे.

त्या काळात दूरचित्रवाणी कंपन्यांनी काय केले, हे अधिक बोलके आहे. रिकाम्या मैदानावरचा खेळ पाहवेना, म्हणून त्यांनी संगणकीय खेळ बनविणाऱ्या एका कंपनीकडे साठवलेला प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित आवाज प्रक्षेपणात मिसळला. प्रेक्षक घरी कोंडलेला, आणि त्याचा आवाज मात्र कामावर! जगभर विकले जाणारे प्रक्षेपण केवळ बावीस खेळाडूंचे नसते, त्यात गाणाऱ्या जमावाचाही वाटा असतो, याची याहून स्वच्छ कबुली कोणती हवी? खेळाडूला वेतन मिळते, प्रक्षेपकाला नफा मिळतो. गाणारा मात्र उलट पैसे मोजून आत येतो.

हे पैसे किती वाढले, हे पाहण्यासाठी एका शोकांतिकेकडे वळावे लागते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील सामन्याच्या वेळी, कुंपणांनी कोंडवाड्यासारख्या बंदिस्त केलेल्या पायऱ्यांवर माणसे चिरडली गेली. मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. पोलिसांनी बाहेरचे दार उघडले, परंतु आधीच भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा मार्ग बंद केला नाही. दोष मात्र मेलेल्यांवर ढकलण्यात आला. एका खपाऊ दैनिकाने चाहत्यांवर किळसवाणे आरोप पहिल्या पानावर छापले; ते दैनिक लिव्हरपूलमध्ये आजही बहुतेक दुकाने ठेवीत नाहीत. मृतांच्या आप्तांना सत्तावीस वर्षे झगडावे लागले. २०१६ साली ज्यूरीने निर्णय दिला की या मृत्यूंना बेकायदेशीर कृत्य कारणीभूत होते आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता.

या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर सर्वांना आसने असावीत अशी शिफारस केली. परंतु त्याच अहवालात त्यांनी आसनांचा खर्च चाहत्यांच्या माथी मारू नये असे सुचविले होते, आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता: आसनाचे तिकीट सहा पौंड, उभे राहण्याचे चार. क्लबांच्या मालकांनी अहवालातील आसने घेतली आणि हा इशारा मात्र सोडून दिला. १९९२ साली प्रीमियर लीग स्थापन झाली, उपग्रह वाहिनीचा पैसा आला. ३० एप्रिल १९९४ रोजी उभ्या कॉपचा शेवटचा सामना झाला. त्या जागी सुमारे साडेबारा हजार आसने आली. सुरक्षिततेसाठी सुचविलेला बदल भाववाढीचे निमित्त ठरला. २०१६ साली लिव्हरपूलच्या नव्या सज्जातील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरविण्यात आले. ज्या पोरांनी कॉपवर गाणी रचली असती, ती आता मद्यगृहातील पडद्यासमोर बसून सामना पाहतात. मग मालकच तक्रार करतात की मैदानावर पूर्वीसारखे वातावरण राहिले नाही!

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, उभ्या पायऱ्या धोकादायक होत्या. तुम्ही गतकाळाचे गोडवे गाता. याचे उत्तर असे की, हिल्सबरोवर माणसे उभी होती म्हणून मेली नाहीत. बेपर्वा व्यवस्थापनामुळे आणि कुंपणांमुळे मेली. जर्मनीत डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण बाजूस आजही सुमारे पंचवीस हजार माणसे उभ्याने सामना पाहतात. खुद्द इंग्लंडनेही जानेवारी २०२२ पासून, आधी प्रयोगादाखल, कठड्यांसह सुरक्षितपणे उभे राहण्यास पुन्हा परवानगी दिली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जमाव नेहमीच बंधुभावाचे गाणे गातो काय? नाही. याच मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंना माकडासारखे आवाज काढून हिणविले गेले. लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सच्या अंगावर १९८८ साली केळी फेकण्यात आली. १९९१ साली वंशद्वेषी घोषणांविरुद्ध कायदा करावा लागला. जमाव म्हणजे आपोआप पुरोगामी, अशा भ्रमात समाजवाद्यांनी राहू नये. परंतु लीड्समध्ये १९८७ साली मैदानाबाहेर आपली पत्रके विकणाऱ्या फॅसिस्टांना तोंड देण्यासाठी प्रथम उभे राहिले ते तेथील चाहते आणि कामगार संघटनांचे कार्यकर्तेच. जमावात विष असते तेव्हा उपाय जमाव हाकलणे हा नसून जमावात जाऊन काम करणे हा आहे. तिकीट महाग केल्याने वंशद्वेष जात नाही, फक्त गरीब जातो.

आणि हा जमाव लढूही शकतो. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी अ‍ॅनफिल्डवर सुमारे दहा हजार चाहते ७७ पौंडांच्या तिकिटाचा निषेध म्हणून ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. लिव्हरपूल तेव्हा दोन गोलांनी पुढे होता. सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला. त्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटावर तीस पौंडांची मर्यादा आली. जर्मनीत १९९८ पासूनच्या नियमानुसार क्लबच्या मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहते, मग गुंतवणूकदार कितीही मोठा असो. तेथील चाहत्यांनी २०१२ च्या अखेरीस, आपल्यावर लादल्या जाणाऱ्या निर्बंधांविरुद्ध, प्रत्येक सामन्याची पहिली १२ मिनिटे आणि १२ सेकंद मौन पाळले. जर्मन भाषेत आवाज आणि मत यांना एकच शब्द आहे. त्यांच्या घोषणेत तोच वापरला होता. २०२३-२४ च्या हंगामात लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नातील हिस्सा खाजगी गुंतवणूकदाराला विकण्याचा बेत झाला, तेव्हा त्यांनी पुन्हा मौन पाळले, मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. हा संपच होता. गिरणीत हात थांबतात, येथे कंठ थांबले. ज्या वस्तूशिवाय धंदा चालत नाही ती आपल्या हाती आहे, हे ओळखणे ही प्रत्येक संपाची पहिली पायरी असते.

इंग्लंडच्या संसदेने जुलै २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला आणि महत्त्वाच्या बाबतींत चाहत्यांचा सल्ला घेणे क्लबांवर बंधनकारक केले. हे स्वागतार्ह आहे. पण सल्ला म्हणजे सत्ता नव्हे. जो वातावरण निर्माण करतो त्याला तिकिटाचे दर, उभे राहण्याची जागा आणि क्लबची विक्री या तीन प्रश्नांवर मताधिकार हवा.

आपल्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आजही तालीम मंडळांचे संघ खेळतात आणि पेठाच्या पेठा आपापल्या संघामागे उभ्या राहतात. तेथील ईर्ष्या कधी हाणामारीवर जाते, हा तिचा दोष. पण तो आवाज पेठेचा असतो, कोणी विकत घेतलेला नसतो. याउलट क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये ध्वनिक्षेपकावर तुतारी वाजते आणि मग प्रेक्षक ओरडतात. केव्हा ओरडायचे हेही आयोजक ठरवितात. पहिल्या ठिकाणी लोक गातात, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्याकडून गाऊन घेतले जाते. सेवा दलाच्या कलापथकांत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या शाहिरी जलशांत वाढलेल्या चळवळीला हा फरक कळावयास हवा. एकत्र गाणारी माणसे एकमेकांना ओळखू लागतात, आणि ओळखू लागलेली माणसे एकत्र मागणी करू शकतात. म्हणून जेथे जेथे लोक आपणहून गातात, ती जागा मोकळी आणि स्वस्त राहील यासाठी झगडणे हे आपल्या कामाचाच भाग आहे. पेठेच्या मैदानावर उद्या कोणी कुंपण घालून तिकीट लावू लागला, तर पहिली सभा आपण बोलवावी.