अंगठ्याची पावती

दोस्तांनो, गावच्या घरी भिंतीला टांगलेली एक आकडेदार तार तुम्ही कधी पाहिली आहे का? आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत ओवून ठेवायचं, अशी पूर्वीची पद्धत. आमच्या लालबागच्या खोलीतही अशी एक तार होती. पण तिच्यात पत्रं कमी आणि एकाच मापाच्या चिठ्ठ्या जास्त. त्या होत्या मनीऑर्डरच्या पावत्या.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आजी आणि माझे बाबा रत्नागिरी जिल्ह्यात, गावी. पगार झाला की आजोबा आधी पोस्टात जायचे आणि मग खाणावळवाल्या बाईंचे पैसे द्यायचे. घरात मोठं माणूस कुणी उरलं नव्हतं, म्हणून मनीऑर्डर आजीच्याच नावे असे.

लहानपणी मी त्या पावत्या उलटसुलट करून बघायचो. सुरुवातीच्या सगळ्या पावत्यांवर आजीचा शाईचा अंगठा. आणि १९४४ सालच्या एका पावतीपासून अंगठा एकदम गायब! तिथे वेडीवाकडी सही. हे कसं झालं तीच आजची गोष्ट. पण आधी टपालाचे दोन-चार नियम समजून घेऊ, नाहीतर गोष्टीतली गंमत कळायची नाही.

इंग्रज कंपनीने १८३७ साली कायदा करून टपाल नेण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. तेव्हा पत्राचा दर अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचं पत्र पाठवायचं तर एक रुपया! गरिबाने पत्र पाठवायचं तरी कसं? इंग्लंडातही हीच रड होती. तिथे रोलंड हिल नावाच्या गृहस्थांनी हिशेब करून दाखवलं, की पत्र लांब नेण्याला फारसा खर्च येतच नाही. खर्च होतो तो दर मोजण्यात आणि दारोदार पैसे वसूल करण्यात. मग दर एकच ठेवा, तोही वजनावर, आणि पैसे आधीच घ्या. पैसे भरल्याची खूण म्हणून १८४० साली तिकडे जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं.

आपल्याकडे १८५२ साली सिंधमध्ये बार्टल फ्रियर यांनी तिकिटं काढली. हेच फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. मग १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते रत्नागिरीला जावो की कलकत्त्याला! पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम बरं का. तेव्हा कागद पातळ आणि अक्षर बारीक. तिकीट न लावता पत्र टाकलं तर? तर ते पोहोचे, पण घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे वसूल होत. अशा पत्राला आपल्याकडे ‘नॉटपेड’ म्हणत. १८७९ साली पाव आण्याचं, म्हणजे त्या वेळच्या एका पैशाचं पोस्टकार्ड आलं आणि पत्र गरिबाच्या आवाक्यात आलं.

आता मनीऑर्डर. आधी हे काम सरकारी खजिन्यांतून चाले. पण खजिने मोजके, आणि तेही मोठ्या गावात. १८८० साली ते पोस्टाकडे आलं. आणि पोस्टं तर हजारो! यातली खुबी अशी, की आजोबांनी दिलेली नोट गावी जातच नसे. जायचा तो फक्त फॉर्म. तिकडचं पोस्ट आपल्या गल्ल्यातून पैसे काढून पोस्टमनच्या हाती देई. फॉर्मच्या एका तुकड्यावर दोन ओळी निरोप लिहायला जागा असे. तो तुकडा, म्हणजे कूपन, पैसे घेणाऱ्याकडे राही. दुसरा तुकडा म्हणजे पावती. तिच्यावर पैसे घेणाऱ्याची सही व्हायची आणि ती पाठवणाऱ्याकडे परत यायची. ज्याचं नाव, त्याच्याच हाती पैसे, हा नियम. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठा खरा म्हणून एका साक्षीदाराची सही.

आमच्या आजीचं घोडं अडलं ते या साक्षीदारापाशी.

पोस्टमनला चार-पाच वाड्या चालाव्या लागत. म्हणून तो वाण्याच्या दुकानात बसूनच टपाल वाटायचा. आजी तिथे जाऊन अंगठा द्यायची आणि साक्षीला सही करायचा दुकानदार. म्हणजे आजीच्या हातात किती रुपये पडले हे त्याला तिच्याआधी ठाऊक! पंधरा रुपये आले, की तो लगेच वही उघडायचा. मागची उधारी, त्यावरचं व्याज. कूपनावर आजोबांनी लिहिलेलं असे, ‘दुकानाचे पाच द्यावे. मुलास पाटी व पुस्तक घ्यावे.’ पण घरी येईपर्यंत पाटीचे पैसे उरलेलेच नसत.

आजी कुणाशी भांडली नाही. बाबा तेव्हा पहिलीत होते. संध्याकाळी चूल विझली की ती त्यांना म्हणायची, “बाळा, माझं नाव काढून दाखव.” बाबा चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षरं काढायचे आणि आजी ती गिरवायची. नावाची तीन अक्षरं, पण दोन महिने लागले. मग एक दिवस तिने वाटेतच पोस्टमनला गाठलं. “दादा, पत्ता माझ्या घराचा आहे ना? मग पैसे घरी आणून द्या. मी सही करीन.” पोस्टमन हसला, पण आला. सही झाली, साक्षीदार लागला नाही. त्या महिन्यात दुकानाचे पाचच गेले आणि पाटी घरात आली.

इकडे लालबागला मात्र गोंधळ! पावती आली, त्यावर अंगठा नाही, भलतीच सही. आजोबांच्या पोटात धस्स झालं. पैसे कुणी दुसऱ्यानेच उचलले की काय? खोलीतले सगळे गाववाले जमले. कुणी म्हणे तक्रार करा, कुणी म्हणे रजा टाका आणि बोट पकडा. कोकणात तेव्हा रेल्वे कुठली! शेवटी आजोबांनी जबाबी कार्ड टाकलं. हीसुद्धा पोस्टाचीच सोय. दोन कार्डं जोडलेली, उत्तराचेही पैसे आधीच भरलेले. काही दिवसांनी उत्तराचं कार्ड परत आलं. मजकूर बाबांच्या बाळबोध अक्षरात, ‘पैसे पोचले. पाटी घेतली.’ आणि खाली तीच वेडीवाकडी सही. आजोबांनी म्हणे ते कार्ड गिरणीतल्या सोबत्यांनाही नेऊन दाखवलं!

इंग्रजांनी हे नियम काही आजीची कीव येऊन केले नव्हते. त्यांना हिशेब चोख हवा होता आणि महसूल हवा होता. पण नियम नीट माहीत असला तर तो आपल्याही कामी येतो, हे आजीला शाळेत न जाता कळलं.

फॉर्म गावोगाव फिरणारी ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. आता बाबा फोनवर बोट टेकवतात आणि पैसे क्षणात गावी जातात. मध्ये ओटीपी नावाचे आकडे येतात ना, तो आजचा अंगठाच समजा. आणि त्याला साक्षीदार मुळीच लागत नाही. तेव्हा कुणी कितीही गोड बोलून विचारलं, तरी सांगायचा नाही!

कधी फोर्टात गेलात तर सीएसएमटीजवळचं जीपीओ आवर्जून बघा. १९१३ साली पूर्ण झालेली ही इमारत जॉन बेग यांनी विजापूरच्या गोलघुमटावरून बेतली आहे. घुमटाखाली उभं राहून क्षणभर वर बघा. आणि घरी आल्यावर आजीला विचारा, “आजी, तू पहिली सही कुठे केलीस गं?” काय उत्तर मिळतं ते आम्हाला जरूर कळवा.