आधी लाइन तपासा

कॅडेट मित्रांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजले आहेत. तुम्ही गार्ड कमांडर आहात आणि पहारेकरी येऊन सांगतो, "सर, पूर्वेच्या चौकीचा फोन लागत नाही." आता काय कराल? चौकीतला जवान निकामी झाला असे समजून त्याच्या जागी दुसरा पाठवाल, की टॉर्च घेऊन आधी टेलिफोनची लाइन तपासाल? तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. नुकताच शाळेत दाखल झालेला कॅडेटसुद्धा लाइनच तपासेल. पण हाच प्रश्न मोटारगाडीच्या बाबतीत आला, की भलेभले लाइन विसरतात आणि थेट जवान बदलायला निघतात. गेल्या पावसाळ्यात मीही तेच करणार होतो. आणि माझी तर सगळी नोकरी ईएमईमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात गेली आहे!

आम्ही गुरुग्रामला राहतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी संपवून मुलगा शाळेत परतणार होता. निझामुद्दीनहून पुण्याची रेल्वे पकडायची होती. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला होता आणि एका अंडरपासमधल्या गुडघाभर पाण्यातून मी गाडी काढली होती. आमची गाडी छोटी, सहा वर्षांची, एएमटीची. म्हणजे क्लचचे पेडल नाही, गिअर मशीनच टाकते. धौला कुआँजवळ ऐन गर्दीत डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा नाहीसा झाला, पिवळा दिवा लागला आणि गाडी न्यूट्रलमध्ये जाऊन थांबली. मागून बसचा हॉर्न, डोक्यावर पाऊस. बापलेकांनी गाडी ढकलून कडेला लावली, ट्रंक रिक्षात टाकली आणि कशीबशी रेल्वे गाठली.

गाडी टो करून वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या पोराने स्कॅनर लावला, दोन मिनिटांत कोड वाचला, यू०१०१, आणि निकाल दिला, "सरजी, टीसीयू गया." नव्या टीसीयूचा अंदाज ४८ हजार रुपये. दुसऱ्या एकाने भंगारातल्या गाडीचा टीसीयू 'प्रोग्रामिंगसकट' १२ हजारांत बसवून देतो म्हणून सांगितले. मी हिशेब करून १२ हजारांना होकार देण्याच्या बेतात होतो. रविवारी मुलाचा हॉस्टेलवरून फोन आला. गाडीची चौकशी केली आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वतः मीटर लावून बघितलं का?"

मी गप्प झालो. मीटर कपाटात होता. मी तो काढलाच नव्हता.

आता तो कोड काय सांगत होता ते पाहू. आजच्या गाडीत एक नव्हे, अनेक छोटे संगणक असतात. इंजिन सांभाळणारा ईसीयू, गिअरबॉक्स सांभाळणारा टीसीयू, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. हे सगळे 'कॅन' नावाच्या दोन तारांच्या जोडीवरून एकमेकांशी बोलतात. बिघाड दिसला की त्याची नोंद कोड म्हणून होते. कोडचे पहिले अक्षर खाते सांगते: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे आपापसातले दळणवळण. यू०१०१ चा अर्थ एवढाच, की टीसीयूशी संपर्क तुटला आहे. टीसीयू मेला, असे तो कोड म्हणत नाही. पूर्वेच्या चौकीचा फोन लागत नाही, एवढाच तो रिपोर्ट आहे. तसाच पी०७०० हा कोड. तो इंजिनच्या ईसीयूमध्ये दिसतो आणि सांगतो, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काही तक्रार नोंदली आहे, तिकडे जाऊन विचारा. पण कित्येकदा कोणी तिकडे जातच नाही. पी०७०० दिसला की गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा सुरू होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

त्या रविवारी दुपारी मी मीटर घेऊन बसलो. स्टिअरिंगखाली जो १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो, त्यात ६ आणि १४ नंबरच्या पिना कॅनच्या असतात. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. म्हणून बॅटरी सोडवून या दोन पिनांमध्ये मोजले तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले. शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या. मला ६० मिळाले. म्हणजे बोलण्याची लाइन शाबूत होती. बॅटरी पुन्हा जोडून टीसीयूला १२ व्होल्ट पोचतात का ते पाहिले, पोचत होते. मग उरली अर्थ. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी टीसीयूच्या अर्थच्या पिनेला लावली आणि बायकोला चावी फिरवायला सांगितले. गिअर बदलणाऱ्या पंपाची मोटर सुरू होताच मीटरने १.९ व्होल्ट दाखवले. तिथे जेमतेम ०.१ व्होल्ट असायला हवा होता. पंप आणि टीसीयू यांची अर्थ बॉडीवर एकाच बोल्टला होती आणि अंडरपासच्या पाण्याने त्या बोल्टाखाली हिरवट गंज धरला होता. पंप चालला की टीसीयूला पुरेसा दाब मिळेना आणि तो मुका होई.

पॉलिश पेपर, एक नवा बोल्ट आणि काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणलेले तारेचे टोक, एवढ्यावर काम झाले. पुन्हा मोजले, तर ०.०५ व्होल्ट. कोड पुसला, क्लच कुठे पकडतो ते टीसीयूला स्कॅनरने पुन्हा शिकवून घेतले. तेव्हापासून गाडी चालू आहे. तो १२ हजारांचा टीसीयू बसवला असता तर? जुनाच गंजका बोल्ट त्यालाही मुका करता. शिवाय दुसऱ्या गाडीचे मॉड्यूल तसेच्या तसे चालत नाही. त्यात त्या गाडीचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर, तिच्या चावीची ओळख, तिच्या क्लचची झीज हे सगळे नोंदलेले असते. ते जुळवता जुळवता मूळ दोष कुठच्या कुठे राहिला असता.

यात सगळा दोष मी मेकॅनिकला देणार नाही. तो पोरगा अडाणी नव्हता आणि लबाडही नव्हता. आपण गिऱ्हाइकेच त्याला सुट्या भागाचे पैसे देतो, शोध घेण्याचे देत नाही. दोन तास मीटर घेऊन बसला आणि "फक्त बोल्ट गंजला होता" असे सांगितले, तर आपण म्हणतो, "बोल्टाचे एवढे पैसे?" मग तो भाग बदलण्याकडेच वळणार. म्हणून माझे पहिले म्हणणे पालकांसाठी आहे. निदानाची मजुरी वेगळी विचारा आणि ती आनंदाने द्या. मॉड्यूल बदलायला सांगितले तर तीन प्रश्न विचारा. कोड नेमका कोणता आणि कोणत्या मॉड्यूलमधून वाचला? सप्लाय, अर्थ आणि लाइन यांची मोजमापे काय आली? जुना भाग मला परत मिळेल का? घाईघाईने बॅटरीची तार काढून दिवा विझवू नका. बिघाडाच्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, याची नोंद संगणक कोडसोबत जपून ठेवतो. ती पुसणे म्हणजे घटनास्थळ धुऊन टाकणे.

मॉड्यूल खरोखर जातच नाही असे नाही. पाणी आत शिरते, आतले भाग जळतात. सप्लाय, अर्थ आणि लाइन तिन्ही ठीक असूनही मॉड्यूल बोलत नसेल तर ते बदलावेच लागते. कधी त्यातल्या प्रोग्रॅममध्येच चूक असते आणि कंपनी सुधारित प्रोग्रॅम देते. पण प्रोग्रॅम नव्याने भरणे ही शस्त्रक्रिया आहे. त्या वेळी बॅटरीला स्थिर पुरवठा जोडलेला हवा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर चांगले मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. जुनी फाइल आधी जपून ठेवलेली हवी, नवी फाइल त्याच मॉडेलची आणि त्याच भाग-क्रमांकाची हवी. तपासणी करून झाल्याशिवाय सर्जन चाकू उचलत नाही. इथेही तोच क्रम.

या संगणकांचा आणि दिल्लीचा एक जुना संबंध आहे, तो तुम्हाला माहीत असावा. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की राजधानी क्षेत्रात १ जूनपासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ मानकांची पूर्तता करणाऱ्या खासगी मोटारींचीच नोंदणी व्हावी. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते जमणे कठीण होते. त्यामुळे संगणकाने इंधन मोजून देणारी इंजिने इथल्या रस्त्यांवर झपाट्याने आली. आपल्या लष्कराची लाडकी जिप्सीसुद्धा कार्ब्युरेटर सोडून त्याच काळात एमपीएफआय झाली. २०१३ च्या एप्रिलपासून बिघाड स्वतः ओळखणारी ओबीडी-२ व्यवस्था नव्या गाड्यांना लागू झाली. २०१४ च्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत सेलेरिओ आली आणि एएमटी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. म्हणजे हा संगणक गाडीत मुख्यतः श्वासासाठी आला. पेट्रोल वाचवणे आणि सोय हे त्याचे पुढचे फायदे.

म्हणूनच माझे दुसरे म्हणणे अधिक कडक आहे. हल्ली ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून 'ताकद वाढवून' देणारे जागोजागी भेटतात. त्यातले काही जण डिझेल गाडीच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरची आणि ईजीआरची नोंदच प्रोग्रॅममधून काढून टाकतात. मग फिल्टर काढला तरी दिवा लागत नाही. इथे पहारेकऱ्याची बदलीही होत नाही, त्याच्या तोंडात बोळा कोंबला जातो. पीयूसी तपासणीत डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे ते पाहतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. त्यामुळे ही लबाडी सहज पचते. पण नोव्हेंबरमधली दिल्लीची सकाळ ज्याने पाहिली आहे, शाळांना सुट्टी देऊन मुलांना घरात बसवलेले पाहिले आहे, त्याने हे पचवू नये.

मोठ्यांनी केले म्हणून ते बरोबर ठरत नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले, की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला प्रोग्रॅम चाचणी चालू आहे हे ओळखतो आणि तेवढ्यापुरताच धूर आवरतो. भारतात पुण्याच्या एआरएआयने रस्त्यावर चाचण्या घेतल्या. त्यानंतर डिसेंबरमध्ये कंपनीने सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावून प्रोग्रॅम बदलण्याचे जाहीर केले. भारतातले नियम मोडल्याचा आरोप कंपनीने नाकारला. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कोर्टाचे काम कोर्ट करील. आपल्यापुरता धडा असा, की त्याच तारेतून, त्याच लॅपटॉपने गाडीला खोटे बोलायलाही शिकवता येते आणि खरे बोलायलाही. फरक लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसात असतो.

शेवटी एक सूचना शाळेसाठी. हॉबी वर्कशॉपमध्ये स्कॅनर घ्यावा अशी कॅडेटांची मागणी असते, असे मुलगा सांगतो. स्कॅनर जरूर घ्या, पण वर्षभराने. आधी चार कॅडेटांमागे एक मल्टिमीटर, भंगारातले एक वायरिंग हार्नेस आणि एक साधी वही द्या. वहीत पाच रकाने असावेत: तक्रार, कोड, मोजमाप, निष्कर्ष, दुरुस्तीनंतर पुन्हा घेतलेले मोजमाप. प्रशिक्षकांनी वायरिंगमध्ये मुद्दाम दोष ठेवावा आणि जो कॅडेट मोजमाप न लिहिता निष्कर्ष लिहील, त्याला शून्य द्यावे, निष्कर्ष बरोबर असला तरी. अंदाज एखादे वेळी बरोबर येतो आणि तीच सवय लागते. उद्या तुमच्या हाती गाडी नसेल, माणसे असतील. "अमुक कंपनीकडून रिपोर्ट येत नाही" असे कोणी सांगेल. त्या घटकेला कंपनी कमांडरला दोष देण्याआधी लाइन तपासणारा अधिकारी आम्हाला हवा आहे.

मी हे तुमच्याच एका सोबत्याकडून पुन्हा शिकलो. तीस वर्षांच्या नोकरीनंतर मुलाने बापाला मीटरची आठवण करून द्यावी, यात मला कमीपणा वाटत नाही. शाळेने त्याला योग्य प्रश्न विचारायला शिकवले, याचाच आनंद वाटतो.

जय हिंद.