तांबेऱ्याचा बंदोबस्त बियाण्यातच

गव्हाचा तांबेरा हा पक्सिनिया वंशातील बुरशीमुळे होणारा रोग असून त्याचे तीन प्रकार आहेत. पिवळ्या तांबेऱ्याला थंडी लागते, म्हणून महाराष्ट्राच्या हवेत त्याचे फारसे चालत नाही. पानांवरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा, हे दोन मात्र मराठवाड्याच्याही वाट्याला येतात. नारिंगी तांबेऱ्याचे फोड टाचणीच्या डोक्याएवढे असतात. पानावरून बोट फिरवले की बोटाला नारिंगी भुकटी लागते. काळ्या तांबेऱ्याचे फोड लांबट, विटकरी रंगाचे. ते फुटताना खोडाची साल फाटते, कडा उसवल्यासारख्या दिसतात आणि पीक पिकत आले की तेच फोड काळे पडतात. ओंबी उभीच असते, पण दाण्यात जायचा रस बुरशीने आधीच खाल्लेला असतो. मळणीत चिरमटलेला, हलका दाणा निघतो आणि मोंढ्यात त्याला कोणी विचारत नाही.

या रोगाला दाद न देणारे वाण पैदा करण्याचा शास्त्रीय उद्योग १९०५ पासूनचा आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये बिफेन यांनी गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरते, असे दाखवून दिले. या उद्योगावरचे आक्षेपही जुनेच आहेत. बीड जिल्ह्याच्या संदर्भात ते तपासले तर त्यांत तथ्य किती आणि सवयीचे बोलणे किती, हे उघड होते.

पहिला आक्षेप म्हणजे बीडमध्ये गहू तो केवढा? ज्वारी, कापूस, सोयाबीन, हरभरा यांचा हा जिल्हा. गहू पिकतो तो गोदाकाठी, माजलगाव प्रकल्पाच्या पाटावर आणि विहिरीला पाणी असेल तिथे. तेव्हा तांबेऱ्याची काळजी पंजाबने करावी. हा युक्तिवाद बुरशीला ठाऊक नाही. आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी १९२०च्या दशकापासून केलेल्या कामातून असे सिद्ध झाले की मैदानी भारताच्या उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही. तो डोंगरांतल्या थंड हवेत, दक्षिणेत नीलगिरी आणि पळणीच्या टेकड्यांवर, आपोआप उगवलेल्या गव्हावर तग धरतो आणि तिथून दरवर्षी नव्याने खाली उतरतो. पुढे नागराजन आणि जोशी यांनी काळ्या तांबेऱ्याचा हवाई मार्गच आखून दाखवला. नोव्हेंबरमधील चक्रीवादळे नीलगिरीवरचे बीजाणू उचलतात आणि पावसाबरोबर मध्य भारतात नेऊन टाकतात. नीलगिरी आणि मध्य भारत यांच्या मधल्या पट्ट्यातच मराठवाडा येतो. शिवाय काळा तांबेरा उबदार हवेत फोफावतो. बीडमध्ये पुष्कळ गहू कापूस उपटल्यावर, म्हणजे डिसेंबरात पेरला जातो. त्याचा दाणा भरतो ऊन तापू लागल्यावर, नेमका काळ्या तांबेऱ्याच्या सोयीच्या दिवसांत. त्यात अवकाळी पावसाने पाने भिजली की रोगाला आणखी काही लागत नाही.

दुसरा आक्षेप भावनेला अधिक भिडणारा आहे आणि हल्ली गावरानाच्या कौतुकात तो फार ऐकू येतो. जुने देशी गहू निरोगी होते, संकरित बुटक्या वाणांनी रोग आणला, असे त्याचे स्वरूप. इतिहास याच्या साफ विरुद्ध साक्ष देतो. मेक्सिकोचे बुटके गहू भारतात मोठ्या प्रमाणावर आले ते १९६६ साली. त्याच्या वीस वर्षे आधी, १९४६-४७ मध्ये, काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातील गव्हाचा फडशा पाडला होता. सुमारे २० लाख टन गहू बुडाल्याचा अंदाज सांगितला जातो. तेव्हा शेतात उभे होते ते सगळे उंच गहू. त्याहीपूर्वी, १८२०च्या दशकात, नर्मदेच्या खोऱ्यातील अशाच साथीचे वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे.

तरीही या आक्षेपात एक दाणा खरा आहे, आणि तो खपलीचा. खिरीसाठी ओळखला जाणारा, कांडल्याशिवाय टरफल न सोडणारा हा गहू काळ्या तांबेऱ्याला सहसा बळी पडत नाही. अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये या बुरशीच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला. त्यात एक गहू ‘खपली’ याच नावाने होता. पुढे त्याच्यातले एसआर १३ आणि एसआर १४ हे जनुक इतर गव्हांत आणले गेले. १९९८ साली युगांडात सापडलेली, युजी९९ या नावाने जगभर धास्ती निर्माण करणारी तांबेऱ्याची जातही एसआर १३ पुढे नमते. पण याचा अर्थ सगळीकडे खपलीच पेरावी, असा काढला तर तो फसेल. खपलीचे उत्पन्न कमी आणि कांडणीचा खर्च वेगळा. तिचा गुण साध्या गव्हात आणणेही सोपे नव्हते: खपलीत २८ गुणसूत्रे, चपातीच्या गव्हात ४२, दोहोंच्या संकराची पुष्कळ रोपे वांझ निघतात. पुन्हा पुन्हा संकर करून, हजारो रोपे टाकून, मोजकी ठेवावी लागतात. जुन्या वाणाची किंमत खरी कळली ती अशा पैदाशीतूनच, हे गावरानाच्या कैवाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. आणि खपलीचा जनुकही अजिंक्य नाही. एसआर १३ ला न जुमानणाऱ्या जाती इथियोपियात आढळल्या आहेत.

इथूनच तिसरा आक्षेप निघतो, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. प्रतिकारक म्हणून आणलेला वाण काही वर्षांत रोगाला बळी पडतो. मग हा खटाटोप कशासाठी? कल्याणसोना हे त्याचे ठळक उदाहरण. हरितक्रांतीचा हा लाडका वाण देशभर पसरला आणि १९७०च्या दशकात तांबेऱ्याने झोडपला गेला. वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना फ्लॉर यांनी दाखवले की पिकाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतो. तो बदलला की त्या जनुकाचा पहारा व्यर्थ जातो. लाखो एकरांवर एकच वाण आणि त्यात एकच मोठा जनुक, ही बुरशीला दिलेली संधीच होय. दोष पैदाशीचा कमी आणि एकाच वाणाच्या मागे धावण्याचा जास्त. शिवाय सगळे जनुक असे मोडत नाहीत. एलआर ३४ आणि एसआर २ हे जनुक रोग पूर्ण रोखत नाहीत, त्याचा वेग कमी करतात. फोड कमी येतात, उशिरा येतात. एसआर २ मॅकफॅडन यांनी १९२०च्या दशकात खपलीच्याच कुळातल्या एका गव्हातून घेतला, आणि तो आजही उपयोगी आहे. अशा संथ जनुकांची एकाच वाणात मोट बांधणे, हीच आजच्या पैदाशीची दिशा आहे.

महाराष्ट्रात हे काम नवे नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने केनियातील प्रतिकारक गहू आणि स्थानिक गहू यांच्या संकरातून केनफड हे वाण काढले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस वाण आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन हीही त्याच परंपरेतली. नव्या वाणाची खरी परीक्षा महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी होते. तिथे पिकाला मुद्दाम रोगाच्या तोंडी देतात. हमखास रोगट होणाऱ्या वाणाच्या ओळी आजूबाजूला पेरतात, ओंबी बाहेर पडण्याआधी बीजाणूंचे पाणी सुईने खोडात टोचतात, संध्याकाळी पाने ओली ठेवतात. मग नोंद होते: ‘४० एस’ म्हणजे चाळीस टक्के भाग फोडांनी भरलेला आणि झाड बळी पडणारे; ‘५ एमआर’ म्हणजे पाच टक्के, फोडही लहान. पहिल्याची रवानगी बाद यादीत होते, मग त्याचे उत्पन्न कितीही असो.

फवारणी असताना प्रतिकारक वाण कशाला, हा आक्षेप थोडक्यात निकाली निघतो. प्रोपिकोनॅझोल एका लिटर पाण्यात एक मिलिलिटर घेऊन पहिले फोड दिसताच फवारले तर गुण येतो, यात शंका नाही. पण हेक्टरी पाचशे लिटर पाणी, पाठीवरचा पंप, मजुरी आणि औषध, हे सारे अर्ध्या एकर गव्हासाठी कोण करणार? आष्टी-पाटोद्याकडे तर एखाद्या वर्षी पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लागतो. वाणातली प्रतिकारशक्ती बियाण्याच्याच भावात मिळते.

नवे वाण शेतकऱ्याला बाजाराचा बांधील करतात, ही ओरड कापसाच्या अनुभवातून आलेली आहे आणि तिथे ती गैरही नाही. गव्हाला ती लागू पडत नाही. गहू स्वपरागी आहे. एकदा प्रमाणित पिशवी घेतली की पुढची काही वर्षे घरचेच बी निवडून पेरता येते, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा तो हक्क मान्यही केला आहे.

बीडमधील खरी अडचण वेगळीच आहे. गुजरातमधील सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला लोकवन चार दशके झाली तरी इथल्या शेतातून हलत नाही. टपोरा दाणा, मऊ चपाती, मोंढ्यात भाव: त्याचे चाहते उगीच नाहीत. पण त्याची प्रतिकारशक्ती आता नारिंगी तांबेऱ्यापुढे टिकत नाही. पर्याय हाताशी आहेत. वेळेवर पेरायच्या बागायती गव्हाला त्र्यंबक किंवा तपोवन, कापसानंतरच्या उशिरा पेऱ्याला एनआयएडब्ल्यू ३४, एक-दोन पाळ्यांचेच पाणी असेल तर नेत्रावती, आणि वेळेवर किंवा उशिरा, दोन्हीला चालणारा फुले समाधान. यांपैकी दोन-तीन वाण एकाच शिवारात विभागून पेरले तर एका जातीच्या बुरशीला सगळे गाव एकदम सापडत नाही. अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांना त्यासाठी वेगळे संशोधन करावे लागणार नाही. पेरणीआधी त्या बियाण्याच्या पिशव्या गावात पोचवल्या, तरी पुरे.