क्रातोम : पानावरचा खटला

दक्षिण थायलंडात आणि उत्तर मलेशियात क्रातोम नावाचा वृक्ष आढळतो. मलय लोक त्याला केतुम म्हणतात. कुळ कॉफीचे. आपल्या रानातला कळंब त्याचा जवळचा भाऊबंद, कारण दोघेही 'मित्रगायना' या एकाच प्रजातीतले. नावातला 'मित्र' पाहून कुणाला संस्कृत आठवेल, पण तसे नाही. १८३९ साली कोर्थाल्स या डच वनस्पतिशास्त्रज्ञाला फुलातील कुक्षीचा आकार बिशपच्या टोपीसारखा वाटला, म्हणून हे नाव!

रबराचा चीक काढणारे मजूर, शेतकरी, कोळी या झाडाची ताजी पाने मधली शीर काढून चघळतात. उन्हात काम उरकते, अंगदुखी जाणवत नाही. जुलाब, खोकला, ताप यांवरही खेडोपाडी हेच औषध. थोड्या पानांनी तरतरी येते, जास्त झाली की गुंगी. रोज चघळणाऱ्याला सवय जडते आणि सोडताना त्रास होतो, हेही खरे. केवळ परंपरेचे आहे म्हणून निर्धोक, असा भाबडा युक्तिवाद मी करणार नाही.

पण १९४३ साली थायलंडने या झाडावर बंदी घातली ती काय मजुराच्या प्रकृतीच्या काळजीने? त्या काळी अफूच्या करावर सरकारी तिजोरी भरत होती आणि महागडी अफू सोडून लोक परसातल्या फुकटच्या पानांकडे वळत होते. बंदीमागे हे कारण होते असे अनेक अभ्यासक सांगतात, आणि मला ते पटते. पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षे आजोबांनी लावलेले झाड दारात असणे हाच गुन्हा ठरला! २४ ऑगस्ट २०२१ रोजी क्रातोम अमली पदार्थांच्या यादीतून निघाले. २०२२च्या नव्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना ते विकण्यास मनाई केली. ही मनाई मला योग्य वाटते. ती झाडावर नाही, विक्रीवर आहे.

दरम्यान हे पान अमेरिकेत पोचले ते भुकटी आणि कॅप्सूल होऊन. २०१६ साली तेथील सरकारने बंदी जाहीर केली आणि लोकांचा विरोध पाहून दोन महिन्यांच्या आत मागे घेतली. आता तर त्याहून पुढची मजल आहे. ताज्या पानात '७-हायड्रॉक्सिमित्रगायनिन' हे द्रव्य नाममात्र असते. कारखान्यात ते वाढवून गोळ्या केल्या जातात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या द्रव्यावर नियंत्रणाची शिफारस केली, मात्र पानाला त्यातून वेगळे ठेवले. हा भेद सरकारी कागदावर उमटायला इतकी वर्षे लागावीत?

थायलंडची तरुण मंडळीही काही मागे नाहीत. क्रातोमचा काढा, कोला आणि खोकल्याचे औषध एकत्र करून बर्फ घालून पितात. चघळणाऱ्या म्हाताऱ्याची आणि या पेल्याची गणना एकाच कलमाखाली करणाऱ्या कायद्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. आपण मात्र कॅन्टीनमध्ये तिसरा चहा मागवून या विषयावर खुशाल वाद घालतो.