दुःखाची केका आणि ऐकणाऱ्याचा धर्म

कऱ्हेच्या काठी वसलेल्या बारामतीत कविवर्य मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांचे बहुतेक आयुष्य पुराणकथनात आणि काव्यरचनेत गेले. आर्याबद्ध महाभारत आणि अष्टोत्तरशत रामायणे रचणाऱ्या या पंडिताने उतारवयात ‘केकावली’ लिहिली. केका म्हणजे मोराची साद. मेघाकडे पाहून मयूराने टाहो फोडावा, तशी पंतांनी देवाला हाक घातली. आजवर ते इतरांच्या कथा सांगत होते. येथे स्वतःचे दोष आणि स्वतःची असहायता बोलले.

पुढे शतकभरात त्यांच्या काव्याची कठोर चिकित्सा झाली. यमकांचा सोस फार, समासांचा भार फार, रसापेक्षा पांडित्यच अधिक, असे आक्षेप आले. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पंतांची बाजू हिरिरीने मांडली. हा वाद रचनेविषयी होता. अशा वादाने कवितेची हानी होत नाही. वाचकाची दृष्टी मात्र तयार होते.

दुसऱ्या जातीची टीका याच परिसरातून दरवर्षी जाणाऱ्या पालखीच्या संतांनी सोसली. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास येते आणि तेथील रिंगण पाहण्यास पंचक्रोशी लोटते. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात तुकोबांची पत्नी व मुलगा गेला, व्यापार बुडाला. ते दुःख त्यांनी अभंगांतून उघड सांगितले. परंपरा सांगते की, वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी त्यांच्या बोलण्याच्या अधिकारालाच हरकत घेतली आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. अभंग चांगला की वाईट, हा तेथे प्रश्नच नव्हता. तुकोबांनी बोलावेच का, हा होता. त्याच रामेश्वर भट्टांनी पुढे रचलेली तुकोबांची आरती आजही म्हटली जाते.

या दोन टीकांमधला भेद आज पुसट झाला आहे. मातृवियोगाने व्याकूळ झालेली एखादी मुलगी चार ओळी लिहिते आणि भ्रमणध्वनीवरून आप्तांना पाठवते. त्या ओळी हातोहाती अनोळखी माणसांपर्यंत जातात आणि उत्तर येते, ‘हे रडगाणे कशाला? जगात काय तुझीच आई गेली?’ यात छंदाचा दोष दाखवलेला नसतो, की शब्दाची सुधारणा सुचवलेली नसते. दुःख होण्याचा अधिकारच नाकारलेला असतो. पुढची कविता मग वहीतच मिटते. कधी लिहिलीही जात नाही.

आपल्या समाजात याविषयी एक थोर उदाहरण आहे. आग्ऱ्याचे जैन व्यापारी व कवी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. व्यापारातले तोटे आणि नऊ अपत्यांचे मृत्यू त्यांनी त्यात सांगितले. व्यापाऱ्याने जमा आणि नावे लिहावे, तसे स्वतःचे गुण व दोषही मांडले. हे ऐकून दुर्जन हसतील, मित्र मात्र प्रेमाने वाचतील व ऐकतील, हे त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच नमूद केले. हसणारे असणारच, हे गृहीत धरूनही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

हिंदीत समीक्षेला ‘आलोचना’ म्हणतात. आपल्या परंपरेत आलोचना म्हणजे गुरूंसमोर आपले दोष निष्कपटपणे उघड करणे. ती ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत ‘भगवती आराधना’ अपरिस्रावी हा गुण सांगते. तापलेल्या लोखंडाने पाणी शोषून घ्यावे, तसे ऐकलेले त्यांनी आपल्यातच जिरवावे. बाहेर पाझरू देऊ नये. बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाइतकीच ऐकणाऱ्याची योग्यता शास्त्राने पारखली आहे.

म्हणून दुःख लिहिणाऱ्याने आधी असा एखादा अपरिस्रावी श्रोता शोधावा. चारचौघांत वही उघडण्याची घाई करू नये. उघडलीच, तर रचनेवरील टीका शांतपणे तपासावी आणि घेण्याजोगे घ्यावे. दुःखाची टवाळी मात्र आक्रोश परीषह समजून सोसावी. तिला उत्तर देणे बंधनकारक नाही. मुनींसाठी सांगितलेल्या बावीस परीषहांतील हा परीषह गृहस्थालाही आज रोज भेटतो.

वाचणाऱ्यासाठी भाषासमिती आहेच. हित, मित आणि प्रिय बोलता येत नसेल, तर मौन हेही व्रत आहे. अपरिचिताच्या कवितेखाली शब्द लिहिण्यापूर्वी एवढेच पाहावे : आपण त्याच्या ओळीविषयी बोलत आहोत, की त्याच्या अश्रूंविषयी? ओळ सुधारता येते. अश्रूंना फक्त जागा द्यावी लागते.